दोन जगांत ये-जा करण्यासाठी नायिकेच्या हाती कोणती वस्तू द्यावी?

प्रश्न – कृष्णाकाठचा, सांगली

गेली दोन वर्षे मी एक अद्भुतरम्य कादंबरी लिहीत आहे. तिची नायिका सांगलीतून दुसऱ्या एका जगात जाते आणि परत येते. पहिल्या खर्ड्यात मी तिला एक जादूची किल्ली दिली होती. तो खर्डा वाचून पत्नीने विचारले, "ही हरवली तर बसस्थानकाबाहेरच्या किल्लीवाल्याकडून दुसरी करून घेता येईल का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. नंतर आरसा आणि अंगठी हेही करून पाहिले, परंतु त्या वस्तू कुठून तरी उसन्या आणल्यासारख्या वाटतात. त्याहून मोठी अडचण अशी, की वस्तू हवी तेव्हा चालते असे ठरवले की नायिकेवर संकट आले रे आले, ती सरळ घरी निघून येते आणि कथा तिथेच बसते. वस्तू प्रवाशाबरोबर जावी की मागे राहावी, ती कोणाच्याही हाती चालावी का, आणि दोन्हीकडचा काळ सारखाच सरावा का, याविषयी जाणकारांनी आपले मत सांगावे.

उत्तर – जुन्या कथांचा वाचक, सातारा

आपल्या तीन प्रश्नांपैकी दुसरा प्रश्न आधी सोडवावा, असे मला वाटते. 'कथासरित्सागरा'त पुत्रकाची गोष्ट आहे. मयासुराचे दोन मुलगे एक भांडे, एक काठी आणि पादुकांचा एक जोड यांवरून भांडत असतात. त्यांपैकी पादुका घालणाऱ्याला आकाशातून जाता येते. पुत्रक त्यांना सुचवतो, की धावण्याची शर्यत लावा आणि जो पुढे जाईल त्याने सगळे घ्यावे. ते दोघे धावत सुटतात आणि हा पादुका पायात घालून, उरलेल्या दोन्ही वस्तू घेऊन आकाशात निघून जातो. त्या पादुका याच जगात फिरवतात हे खरे, पण त्यांचा कायदा पाहण्याजोगा आहे. त्यांना धन्याची ओळख नाही. पाय कोणाचाही असो, त्या चालतात. अशी वस्तू निवडली की चोरी, फसवणूक आणि पाठलाग हे सगळे आपोआप कथेत येते.

याच्या नेमके उलट आपल्याकडचे अंजन. पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाच्या डोळ्यांत ते घातले की त्याला जमिनीतले गुप्तधन दिसते, अशी समजूत खेड्यापाड्यांत होती. येथे वस्तू आणि माणूस दोन्ही जुळावे लागतात. शिवाय अंजन पुसले जाते, डबी संपते. आपल्या किल्लीत नेमकी हीच गोष्ट नव्हती. ती झिजत नव्हती.

काळाविषयी ककुद्मी राजाची कथा पाहावी. मुलगी रेवती हिला योग्य वर कोण, हे विचारण्यासाठी तो तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथे गंधर्वांचे गाणे चालू होते, म्हणून तो क्षणभर थांबला. तेवढ्यात पृथ्वीवर २७ चतुर्युगे, म्हणजे ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षे, उलटून गेली. आपल्याला एवढा मोठा फरक परवडणार नाही, पण त्याला उशीर गाण्यामुळे झाला, ही जागा मला फार आवडते.

उत्तर – तंतुवेडा, मिरज

वरच्या उत्तरातील गाण्याचाच धागा पुढे नेतो. वस्तू आपल्या जिल्ह्यातलीच घ्या आणि नायिकेला मिरजेचा तानपुरा द्या. येथील सतार आणि तानपुरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण आपल्या कामाचा इतिहास त्याआधीचा आहे. एकोणिसाव्या शतकात येथील शिकलगार घराण्यांनी, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, वाद्ये घडवायला सुरुवात केली. ज्या हातांनी तलवार परजली त्यांनीच पुढे भोपळा कोरला, यात एका कादंबरीपुरता ऐवज आहे.

आता यंत्रणा सांगतो. तानपुऱ्याची तार घोडीवर टेकते तिथे तिच्याखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात. तो केसभर पुढेमागे केला की एका ठिकाणी बद्द वाजणारी तार अचानक गुंजू लागते. याला जवारी खुलणे म्हणतात. ती जागा डोळ्यांना दिसत नाही, कानालाच सापडते. प्रत्येक जगाचा षड्ज, म्हणजे मूळचा 'सा', वेगळा आहे असे माना. चारही तारा त्या षड्जाला लागल्या आणि जवारी खुलली, की दार उघडते. दमट हवेत लाकूड आणि तारा चळतात, त्यामुळे भर आषाढात नायिकेला जायचे असेल तर तासन्तास खुंट्या आणि तारांतले सूर बारीक जुळवणारे मणी यांच्याशी झगडावे लागेल. हवी तेव्हा चालणारी वस्तू ही नव्हे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तानपुरा अखंड वाजावा लागतो. जाणारी गेली, तरी मागे कोणीतरी तो छेडत बसलेच पाहिजे. हात थांबला की दार मिटले. म्हणजे वस्तू मागे राहते आणि तिच्याबरोबर एक माणूसही अडकतो.

उत्तर – हरिपूरकर

कल्पना उत्तम आहे, परंतु एसटीतून तानपुरा नेणाऱ्याला विचारा. त्याच्यासाठी वेगळे तिकीट काढावे की काय, असे वाटते. नायिका तो घेऊन कुठे कुठे फिरणार? माझे मत असे, की जादू वाद्यात न ठेवता त्या दोऱ्यात ठेवावी. दोरा कनवटीला लावता येतो, हरवतो, कुजतो, आणि कोणत्याही तानपुऱ्याला चालतो.

ठिकाण हवे असेल तर आमच्या गावाकडची पेवे, म्हणजे हळद साठवण्याचे जमिनीतले खड्डे, वापरा. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढे अरुंद आणि खाली मात्र खोली. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही, कारण आतली हवा श्वासाला पुरत नाही; ती खेळती होईपर्यंत थांबावे लागते. २००५ च्या महापुरात बरीच पेवे निकामी झाली. एखाद्या रिकाम्या पेवात तो तानपुरा लावला तर आवाज कसा घुमेल, याचा विचार करा.

प्रश्नकर्ता – कृष्णाकाठचा

सर्वांचे आभार. किल्ली काढून टाकली आहे. दोरा नायिकेच्या आजीचा आहे, तानपुरा पेवाच्या तोंडाशी लावला आहे आणि वाजवायला तिची आत्या बसली आहे. तिला या प्रवासावर अजिबात विश्वास नाही. दोन्हीकडचा काळ सारखाच ठेवला आहे, कारण आत्याचा थकवा वाचकाला मोजता आला पाहिजे. मिरजकरांना एकच विचारतो, एका माणसाने न थांबता किती वेळ वाजवावे म्हणजे ते खरे वाटेल?

उत्तर – तंतुवेडा, मिरज

सवयीच्या माणसाला दोन-तीन तासांची मैफल काही जड जात नाही. पहिली तार मधल्या बोटाने आणि उरलेल्या तीन तर्जनीने छेडतात, त्यामुळे आत्याची तर्जनी आधी दुखेल. परंतु बोटापेक्षा झोपेची भीती अधिक आहे. मी स्वतः पहाटेच्या मैफलीत मागे बसून डुलक्या घेतल्या आहेत. हात चालूच राहतो, फक्त दोन तारांमधले अंतर वाढत जाते आणि ते वाजवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पुढे बसलेला गायक मात्र मान वळवून पाहतो. आपल्या कथेत मान वळवायला तिथे कोणीच नाही.