दाढ काढल्यानंतरचे दिवस : तुमचे अनुभव सांगा

नौपाडाकर
शनिवारी माझ्या धाकट्या बहिणीची खालची अक्कलदाढ काढायचीय, आडवी आलीय, म्हणजे हिरडी कापणार आणि टाके. ती घणसोलीला एकटी राहते आणि जाम घाबरलीय. काढताना काय करणार ते डॉक्टरांनी सांगितलंय, पण घरी आल्यावर काय होतं ते ज्याने सोसलंय तोच नीट सांगेल, म्हणून हा धागा. आधी माझंच सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझी निघाली. दाढेच्या जागी कापसाची घडी ठेवली आणि पाऊण तास घट्ट चावून धरायला सांगितलं. राम मारुती रोडवरून रिक्षाने येताना तोंडात लाळ साठत होती, खारट, रक्ताची चव, मी थुंकायला वाकले तर आईने हात धरला, म्हणाली गीळ. तिचं बरोबर होतं. थुंकलं, जोरात चूळ भरली किंवा स्ट्रॉने ओढलं की त्या खड्ड्यात साकळलेली रक्ताची गुठळी सुटून येते, आणि खालच्या हाडावर तेवढंच झाकण असतं. बधिरपणा तीनेक तासांनी गेला. पहिल्या दिवशी मी बरी होते, दुसऱ्या दिवशीपण ठीक, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघते तर गाल टम्म, तोंडात दोन बोटंसुद्धा जाईनात. मला वाटलं चिघळलं. डॉक्टरांना फोटो पाठवला तर म्हणाले सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सगळ्यात जास्त असते, आता उतरेल. उतरलीच. हे आधी कोणी सांगितलं असतं तर ती सकाळ रडण्यात गेली नसती.

ऐरोलीची ताई
माझ्या ९ वर्षांच्या मुलाची किडलेली दाढ काढली. दाढेचं काहीच नाही, पण ओठ बधिर होता ना, तो गंमत वाटून चघळत बसला आणि माझं लक्ष नव्हतं, घरी येईपर्यंत ओठ सोलवटून रक्त. दाढेपेक्षा ओठच आठवडाभर दुखला त्याचा. लहान मूल असेल तर बधिरपणा जाईपर्यंत समोर बसून राहा, खायला काही देऊ नका.

कोपरीतून
हे सगळ्यांनी वाचा प्लीज. माझ्या सासूबाईंना मिश्रीची सवय, चाळीस वर्षांची. दाढ काढली त्याच रात्री त्यांनी गुपचूप मिश्री लावली, बोट फिरवलं, चूळ भरली. दोन दिवस बरं होतं, चौथ्या दिवशी दुखणं एकदम वाढलं, कानात, कानशिलापर्यंत ठणका, गोळीने तासभरसुद्धा बरं वाटेना, आणि तोंडाला घाण वास. मोबाइलच्या टॉर्चने बघितलं तर खड्डा कोरडा, आत पांढरट हाड दिसत होतं. डॉक्टर म्हणाले ड्राय सॉकेट, गुठळीच गेलीय. त्यांनी आतून धुतलं आणि लवंगतेलाच्या औषधाची पट्टी भरली, अर्ध्या तासात सासूबाईंचा चेहराच बदलला. पट्टी बदलायला दोनदा गेलो. म्हणून सांगते, सूज तिसऱ्या दिवशी वाढली तर घाबरू नका, पण दुखणं कमी होता होता तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलटं वाढायला लागलं तर थांबू नका, त्याच दिवशी जा. आणि घरी लवंग कुटून खड्ड्यात कोंबू नका, आमच्याकडे शेजारच्या काकूंनी तेच सुचवलं होतं. मिश्री, तंबाखू, सिगारेट, काहीही असो, घरातल्या माणसांनी ते कपाटात कुलपात ठेवा.

सीवूड्सकर
बर्फ फक्त पहिल्या दिवशी, रुमालात गुंडाळून बाहेरून, १५-२० मिनिटं लावायचा मग तेवढाच वेळ काढायचा. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या २४ तासांनंतर, त्यापण खळखळून नाही, पाणी तोंडात धरायचं, मान तिरकी करायची आणि बेसिनमध्ये आपोआप सांडू द्यायचं. पेनकिलर बधिरपणा उतरायच्या आधीच घेतली की पहिली रात्र बरी जाते. उशीवर उशी ठेवून झोपा.

खारघरवासी
खाण्याचं सांगतो कारण मला तोच त्रास झाला. पहिल्या दिवशी गार दूध, ताक, आइस्क्रीम (कोनवालं नको, वाटीतलं). मग मऊ भात आणि मुगाचं वरण, पण गरम नाही. नाचणीची आंबील सगळ्यात भारी, चावायचं काही नाही आणि पोट भरतं. चहा बशीत ओतून पार थंड झाल्यावर. पोहे मऊ म्हणून खाल्ले तर शेंगदाण्याचा तुकडा खड्ड्यात जाऊन बसला, तो काढायला काडी घालायचा मोह होतो, घालू नका. तिखट आणि मिसळ दहा दिवस बंद, ठाण्यात राहून ते अवघड आहे माहितीय.

नेरुळ पूर्व
वरची दाढ असेल तर एक वेगळी गोष्ट. माझी वरची मागची काढली आणि दुसऱ्या दिवशी पाणी प्यायलो तर नाकातून आलं. वरच्या दाढांची मुळं सायनसला लागून असतात, तिथे भोक पडलं होतं. लगेच दाखवलं, टाके घातले. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून.

कळव्याहून
वडिलांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत आणि शुगरपण. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, आम्ही हार्टच्या डॉक्टरांना आधी विचारलं. रात्री रक्त थांबेना तेव्हा स्वच्छ ओली गॉझ घडी करून अर्धा तास चावायला दिली, मधे काढून बघायचं नाही, बघितलं की परत सुरू होतं. थांबलं. नसतं थांबलं तर त्याच रात्री घेऊन गेलो असतो.

प्राजक्त
खड्ड्यावर पिवळट-पांढरा थर येतो तो पू नसतो, भरत आलेली जागा असते. मी तो ब्रशने घासून काढला होता, तसं करू नका.

नौपाडाकर
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. बहिणीला वाचून दाखवलं, मिश्रीचा अनुभव ऐकून ती गप्पच झाली, मग म्हणाली स्ट्रॉवालं नारळपाणी मी ठरवून ठेवलं होतं. आता ग्लासात.

घणसोलीकर
मी घणसोलीतच आहे. रविवारी सकाळी तांदळाची पेज करून देते, डबा कोमट करूनच पाठवीन. मीठ कितपत चालतं तिला ते फक्त विचारून सांगा.