टीव्ही महिन्याला किती युनिट खातो? तुमच्या घरचे अनुभव लिहा

मागच्या महिन्यात लाइट बिल वाढून आलं आणि घरात सगळ्यांनी टीव्हीला दोष दिला, म्हणजे खरं तर सासूबाईंना. गुडघ्यांमुळे त्यांचं बाहेर पडणं थांबलंय, दुपारच्या मालिका हाच विरंगुळा. दुसऱ्या दिवशी त्यांनी टीव्ही लावलाच नाही. खिडकीशी नुसत्या बसून राहिल्या. मला ते बघवेना. प्लगला लावून वॉट मोजायचं यंत्र आणलं. आमचा 32 इंची एलईडी 42 वॉट घेतो. रोज सहा तास धरले तरी महिन्याला साडेसात युनिट. आणि 2000 वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जातं! तो आम्ही सकाळी किती वेळ चालू ठेवतो, हे कुणी बघितलंच नव्हतं. तुमच्याकडे कुणी मोजलंय का? आकार, वॉट, तास, जे असेल ते लिहा.

सांगली:
यंत्र नसलं तरी जमतं. आमच्या मीटरवर एका युनिटला 3200 इम्पल्स असं छापलंय, म्हणजे लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. फ्रीजसकट सगळं बंद केलं, फक्त टीव्ही लावला आणि मुलीला मोबाइलवर वेळ लावून मीटरसमोर उभं केलं. दर 14 सेकंदांनी दिवा लागत होता. हिशेब आला 80 वॉट. टीव्ही 43 इंची आहे, आणि यात सेटटॉप बॉक्स धरलेला आहे.

ठाणे:
बॉक्सचं वरती आलंच आहे, तर तो वेगळा मोजा. आमचा चालू असताना 13 वॉट घेतो आणि रिमोटने बंद केल्यावर 12. फक्त दिवा हिरव्याचा लाल होतो. चोवीस तासांचे महिन्याला साडेआठ युनिट! टीव्ही स्वतः स्टँडबायवर अर्धा वॉटसुद्धा घेत नाही. आम्ही नेमके 100 युनिटच्या काठावर असतो आणि त्यापुढच्या युनिटांना महावितरणचा दर चढा आहे, त्यामुळे हे साडेआठ चांगलेच जाणवतात. आता रात्री भिंतीवरचं बटण बंद करतो.

सातारा:
आमच्याकडे 21 इंची डबा टीव्ही होता, मागच्या पट्टीवर 95 वॉट. बातम्या संपल्या की बाबा उठून बटण बंद करायचे. आताच्या 32 इंचीला निम्मीही लागत नाही.

नागपूर:
तीस वर्षं वायरमनचं काम केलं. पट्टीवरचा आकडा बहुधा कमाल असतो, रोजच्या वापरात त्याहून कमी लागते. फरक पडतो तो ब्राइटनेसचा. माझा 55 इंची व्हिविड मोडवर 135 वॉट घेत होता, सिनेमा मोडवर 78. डोळ्यांनाही बरं वाटतं. बिल वाढलं तर आधी फ्रीजच्या दाराचं रबर आणि पाण्याची मोटर बघा. साधा पंखाही 75 वॉट घेतो, आणि तो रात्रभर चालतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या टीव्हीला कृपा करून हात लावू नका.

(धागाकर्ती)
सगळ्यांचे मनापासून आभार. आमचा बॉक्सही मोजला, 11 वॉट. सगळे आकडे वहीत लिहून सासूबाईंपुढे ठेवले. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचले. आज दुपारी दीड वाजता मालिकेचं शीर्षकगीत स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं.