कबड्डीच्या पोट्ट्यांची मालिश करतो, यातच करिअर करावं का?

दर्यापूरकर:
नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातला, बारावी आर्ट्स आणि मंग अमरावतीले बीपीएड. थंडीत इकडे गावोगावी रात्रीचे कबड्डी सामने असतात, मी आमच्या टीमसोबत जातो, कोणाच्या पोटरीत गोळा आला, मांडी आखडली की मालिश करून देतो, पट्टी बांधतो. आता भरतीवाले पोट्टे पण यायले लागले. स्पोर्ट्स मसाज अन् रिहॅब, म्हणजे दुखापतीनंतर खेळाडूले परत उभं करणं, रीतसर शिकायचं आहे. कोणता कोर्स करू? खेड्यात यावर घर चालते का?

फिजिओताई_यवतमाळ:
भाऊ, फिजिओथेरपिस्ट व्हायचं तर बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री, अन् त्याले बारावी सायन्स बायोलॉजीसकट लागते, आर्ट्सवर नाही होत. 2021 च्या कायद्यानं फिजिओले नोंदणी लागते, त्यामुळं दोन-तीन महिन्यांचं सर्टिफिकेट घेऊन 'फिजिओ'चा बोर्ड लावू नको, कोणी तसं सांगून कोर्स विकत असला तर त्याले पैसे देऊच नको. मसाज थेरपिस्ट म्हणून मात्र काम आहे, साईमध्ये, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणात पण त्या जागा निघतात, जाहिरातीतली पात्रता वाच अन् मगच कोर्सची फी भर.

पण मालिश हा यातला लहान भाग आहे, कुठं हात लावायचा नाही हे आधी शिक. कबड्डीत मांडीवर गुडघा बसते, आत रक्त साकळते, अन् दुसऱ्याच दिवशी कोणीतरी गरम तेल घेऊन रगडते. अशानं कधीकधी त्या स्नायूत खरोखरचं हाड तयार होते, एक्स-रेत दिसते, मंग गुडघा महिनोन्‌महिने पूर्ण वाकत नाही. घोटा मुरगळला अन् घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेले दाबल्यावर दुखते किंवा चार पावलं टाकता येत नाहीत, तर आधी एक्स-रे. एकच पोटरी सुजली, गरम लागते, तर रक्ताची गाठ असू शकते, तिथं मालिश अजिबात नाही, सरळ दवाखाना.

भरतीवाले_सर:
मी वाशिमकडे पोलीस भरतीची पोरं घेतो. 1600 मीटरसाठी पोट्टे पहाटे डांबरी रोडवर पळतात, महिनाभरात अर्ध्यांची नडगी धरते. नडगीभर दुखत असलं तर पळणं कमी करून, पोटरीचे व्यायाम देऊन सुधारते, पण बोटाएवढ्या एकाच जागी दुखत असलं तर हाडाले चीर असू शकते, अशा पोराले मालिश करून पळवणं म्हणजे त्याची भरती घालवणं आहे, मले याचा फार राग येते. भाऊ, हे ओळखणारा माणूस प्रत्येक तालुक्याले पाहिजे. पैशाचं म्हणशील तर अकादमी अन् टीमसोबत महिन्याचं ठरवून घे, एकेका मालिशीचे पैसे मागत बसशील तर नाही परवडत.

दर्यापूरकर:
ताई, आमच्या रेडरचं एसीएलचं, म्हणजे गुडघ्यातल्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं, पाच महिने झाले, दुखत नाही म्हणते, येत्या सामन्यात उतरतो म्हणते. उतरू देऊ का?

फिजिओताई_यवतमाळ:
नाही. दुखत नाही म्हणजे तयार झाला असं नसते. कमीत कमी नऊ महिने, अन् त्यानंतरही ऑपरेशनच्या पायाची ताकद अन् एका पायावरची उडी दुसऱ्या पायाच्या जवळपास, नव्वद टक्क्यांच्या वर आली पाहिजे, मंगच मॅट. तोवर त्याचे व्यायाम त्याच्या फिजिओले विचारून तू रोज करून घे, शहरात रोज जाणं त्याले जमत नसणार, अन् खरी गरज तिथंच आहे तुझी. दोन्ही मांड्यांचा घेर टेपनं मोजून इथं टाक, मी पाहते.