मदत हवी आहे: तणनाशकाबद्दल काकांना काय सांगू?

नमस्कार मंडळी. मी नागपुरात राहतो, रसायनशास्त्रात एमएस्सी केलंय. काटोलजवळ काकांची संत्र्याची बाग आहे. निंदणाला मजूर भेटत नाही म्हणून तिथे ग्लायफोसेट हे तणनाशक मारतात. परवा काका म्हणाले, "तू येवढा शिकला ना बे, मंग सांग, याच्यानं कॅन्सर होते का नाही?"

वाचत बसलो आणि जास्तच गोंधळलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये त्याला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं. अमेरिकेची पर्यावरण संस्था म्हणते, तशी शक्यता दिसत नाही. युरोपीय संघाने 2023 मध्ये आणखी 10 वर्षं मुभा दिली. आपल्याकडे 2022 मध्ये आदेश निघाला की फवारणी फक्त कीडनियंत्रण चालकांकडूनच, म्हणजे या कामाचा परवाना असलेल्यांकडूनच, करायची. (काटोलकडच्या धुऱ्यावर असा माणूस कोणी पाहिलाय?)

एवढं कळलं की प्रश्नच वेगवेगळे होते. कर्करोग संस्थेने विचारलं, हा पदार्थ कर्करोग करू शकतो का. बाकीच्यांनी विचारलं, नेहमीच्या वापरात अंगावर जातो तेवढ्याने होईल का.

माझं घोडं या दुसऱ्या प्रश्नात अडलंय. माणसासाठी सुरक्षित मात्रा ठरवताना, प्राण्यांना ज्या मात्रेने काही झालं नाही, तिला साधारणपणे 100 ने भागतात. त्यातले 10 प्राणी आणि माणूस यांतल्या फरकासाठी, 10 माणसामाणसांतल्या. हे दहाचे आकडे परीक्षानळीत सापडलेले नाहीत, माणसांनी बसून ठरवलेत. तेही चालेल. पण 'नेहमीचा वापर' कोणाचा? लेबलवर हातमोजे, मास्क. आमचा गडी ऑक्टोबरच्या उन्हात बनियनवर, नाकाला दुपट्टा, पाठीवर गळका पंप. 2017 मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक माणसं गेली. तिथली औषधं वेगळी होती, कीटकनाशकं. फवारणारे मात्र असेच.

फरिदाबादची कीटकनाशक-तणनाशकांची नोंदणी समिती परवाना देताना कुठला गडी डोळ्यांपुढे ठेवते? या कामातलं कोणी इथे आहे का?

प्रतिसाद: समितीचं त्या कामातले सांगतील. तोवर एक करा. मूळ औषध पाण्यात मिसळताना मोजे हवेतच, डब्यातलं द्रावण सगळ्यात तीव्र असतं आणि ते मुख्यतः कातडीवाटे शरीरात जातं. पंपाचा वायसर बदला. आणि आदेशाचं काकांना स्पष्ट सांगा.

धागाकर्ता: धन्यवाद. मोजे आणि वायसर रविवारी घेऊन जातो. आदेशाचं सांगितलं, तर काका म्हणाले, "मंग निंदाले तू ये."