खरेदीखतात पश्चिम खानदेश, गाव मात्र गुजरातेत: हे कसे?

तापीकाठ: आमच्या घरातील एका जुन्या खरेदीखतात गावाचा पत्ता ‘तालुका नंदुरबार, जिल्हा पश्चिम खानदेश’ असा आहे. ते गाव आज गुजरातच्या निझर तालुक्यात मोडते. नंदुरबार जिल्हा 1998 साली झाला, तेव्हा हे गाव गुजरातेत गेले का? शिवाय दुसऱ्या एका कागदावर ‘अक्राणी महाल’ असे आहे, तेही कळले नाही.

जुने दप्तर: नाही, 1998चा याच्याशी संबंध नाही. खानदेश जिल्ह्याचे 1906 साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिमेचे ठाणे (मुख्यालय) धुळ्यास होते. 1960 साली मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा नंदुरबार, नवापूर, तळोदे व अक्कलकुवा या तालुक्यांतील काही गावे गुजरातकडे गेली आणि निझर-उच्छल भागात आली. आपले खत त्याआधीचे असणार. रेषा किती बारीक आहे हे नवापूर स्थानकावर दिसते: एकाच फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत.

सातपुड्याची वाट: त्यापुढची गोष्ट राज्याच्या सीमेची नसून अंतराची आहे. उरलेला पश्चिम खानदेश पुढे धुळे जिल्हा झाला खरा, पण धडगावच्या माणसाला जिल्हा कचेरीत जायचे तर सातपुड्याचा घाट उतरून, तापी ओलांडून, सगळे पठार मागे टाकून धुळे गाठावे लागे. नर्मदाकाठच्या मणिबेलीसारख्या गावाची तर गोष्टच सोडा. 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी हे सहा तालुके वेगळे काढले गेले. 2011च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 16,48,295 होती आणि तीत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे 69 टक्के. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा अनेक जमाती येथे आहेत, त्यांना सरसकट एकाच नावाने ओळखणे मला पटत नाही. खाली तापीकाठी केळी-ऊस आणि वर तोरणमाळकडे डोंगरउतारावरची कोरडवाहू शेती, हे दोन प्रदेश आजही एका जिल्ह्यात असूनही एकमेकांपासून दूरच आहेत.

जुने दप्तर: महालाचे राहिले. महाल म्हणजे पूर्वीचा, तालुक्याहून लहान महसुली घटक. तालुक्याला मामलेदार, महालाला महालकरी हा अधिकारी असे. अक्राणीचे ठाणे धडगाव. शेजारच्या काठी, गव्हाळी, चिखली वगैरे मेहवासी (डोंगरभागातील लहान) संस्थानिकांची व्यवस्था निराळी होती, त्यामुळे त्या गावांचे जुने कागद पाहताना तालुक्यासोबत संस्थानाचे नावही तपासावे.