कर्नाळा, एप्रिलमध्ये: पाणी किती, घसारा कसा?

प्रश्न: वाशीहून अर्ध्या दिवसात कर्नाळा किल्ला करायचा आहे. उन्हाळ्यात माणशी किती पाणी? उतरताना घसरतं का?

उत्तर १: माणशी ३ लिटर, शिवाय ओआरएसची २ पाकिटं. माथ्यावरच्या उभ्या सुळक्याच्या पायथ्याशी पाण्याची टाकी आहेत, पण त्या पाण्याच्या भरवशावर जाऊ नका. पनवेलहून पेणकडची एसटी धरा, अभयारण्याच्या फाटकाशी उतरा. उंची जेमतेम ४४५ मीटर, पण चढ उभा. खाली झाडी आहे, सोंडेवर, म्हणजे डोंगराच्या उतरत्या धारेवर, मात्र ऊन थेट डोक्यावर. दहाच्या आत माथा गाठा.

उत्तर २: घसारा, म्हणजे सुट्या मुरमाचा निसरडा उतार, आहेच, आणि त्यावर सुकी पानं, म्हणजे खालचा मुरूम दिसतच नाही. बूट झिजलेले नकोत. उतरताना टाचा रोवून मागे रेललात की पाय सटकणारच. गुडघे किंचित वाकवून, आडवी पावलं टाकत या.

उत्तर ३: मधमाश्यांचं कुणीच बोललं नाही! सुळक्यावर पोळी असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा नको. उठल्याच तर हात झाडू नका, तोंड झाकून सरळ झाडीत उतरा. सुळका दोराशिवाय चढायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्नकर्ता: टाचांचं लक्षात ठेवतो. डिओ घरीच.