‘सॉलिड बुलेट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (म्हापसा): आफ्रिकेतल्या हत्ती व रानरेड्याच्या शिकारीवरचा मजकूर मराठीत आणतोय. ‘सॉलिड बुलेट’ म्हणजे घन गोळी की भरीव गोळी? ‘डेंजरस गेम’ला ‘श्वापद’ चालेल?

उत्तर (वाळपई): बाब, ‘घन’ नको, द्रव गोळी नसतेच. ‘भरीव’ही फसवे, कारण मऊ टोकाची शिशाची गोळीसुद्धा आतून भरीवच. फरक गोळी लागल्यावर दिसतो. मऊ टोक अंगात शिरताच फुलते, रुंद जखम करते आणि लवकर अडते. सॉलिड आकार न बदलता हाड फोडून सरळ आत जाते. हत्तीच्या कवटीत मेंदू खोल असतो, तिथे फुलणारी गोळी वाटेतच अडण्याचा धोका. म्हणून ‘न फुलणारी गोळी’ म्हणा. नुसते ‘सॉलिड गोळी’ लिहिलेत तर आजचा वाचक ‘भारी गोळी’ असा अर्थ घेईल.

‘श्वापद’मध्ये श्वन् म्हणजे कुत्रा आहे, मूळ अर्थ वाघ-लांडग्यासारखा हिंस्र पशू. हत्ती, रेडा गवत खाणारे. ‘अंगावर येणारे मोठे जनावर’ हे लांब असले तरी खरे आहे. ‘धोकादायक खेळ’ तर मुळीच नको, इथे ‘गेम’ म्हणजे शिकारीचे जनावर.

उत्तर (फोंडा): न फुलणाऱ्या गोळीचे दोन प्रकार आहेत, ते वेगळे लिहावेच लागतील. एक, आत शिसे आणि वर पोलादी जाकीट. दुसरी अख्खी पितळेची किंवा तांब्याच्या मिश्रधातूची. तिला ‘एकधातू’ म्हणता येईल. पितळ शिशाहून हलके, म्हणून तेवढ्याच वजनाला गोळी लांब होते, काडतुसात खोल बसते, दारूची जागा खाते आणि दाब वाढतो. शिवाय ती नळीतल्या आट्यांत, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या पिळदार चरांत, सहज दबत नाही. जुन्या पातळ नळीच्या दुनळी रायफलीत यामुळे नळीवर ताण येतो. गोळीवर कोरलेल्या खाचा तो कमी करतात. टोकाचेही पाहा: गोल टोकाची गोळी आत गेल्यावर वळू शकते, सपाट टोकाची जास्त सरळ जाते. कळपात मात्र आरपार गेलेली गोळी मागच्या जनावराला लागते, हा इशारा भाषांतरात गाळू नका.

पुन्हा वाळपईहून: ‘५०० ग्रेन’चे ‘५०० दाणे’ करू नका, वाचकाला छर्रे वाटतील. ग्रेन हे वजन आहे. ५०० ग्रेन म्हणजे सुमारे ३२.४ ग्रॅम. ते वजन फक्त गोळीचे, काडतुसाचे नव्हे. काडतूस (पोर्तुगीज कार्तूशु) म्हणजे कवच, टोपी (ठिणगी देणारी), दारू आणि गोळी सगळे मिळून. ‘काडतूस जनावरात घुसले’ हे वाक्य म्हणून चूक: घुसते ती गोळी, रिकामे कवच बंदुकीपाशीच राहते.

आणि ‘रानरेडा’ लिहाल तिथे ‘आफ्रिकी’ जोडा. नाहीतर इथला वाचक गवा समजेल. गवा गोव्याचा राज्यप्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीला बंदी आहे.